पाटीवरची जयवंता

सौसरात गुलाब सोमकुवरला लोक ‘गेलेल्यांचा फोटोवाला’ म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागं. पण सौसर केवढंसं, पाठीमागचं बोलणं वळसा घालून संध्याकाळपर्यंत ज्याच्या त्याच्या कानावर येतंच. आता मला सांगा, कोणता माणूस मेलेल्यांसाठी हौसेनं कॅमेरा घेतो? गुलाबनं घेतला तो लग्नांसाठी, बारशांसाठी, शाळेच्या गॅदरिंगसाठी. पण जिवंत माणसं जायची बाजारातल्या जुन्या स्टुडिओत. गुलाबच्या दुकानाची पायरी चढायला त्यांना काही ना काही अडचण असायची, आणि ती अडचण कोणती हे गुलाबला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. बौद्ध मोहल्ल्यातला पोरगा, रामाकोन्याच्या खाणमजुराचा लेक. त्यानं सांगायचं ‘हनुवटी थोडी वर करा’ आणि यांनी ती करायची, हे काहींना जड जायचं. मेल्यावर हनुवटीचा प्रश्न उरत नाही. मग त्यांची मुलं यायची गुलाबकडे.

येण्याचं कारण साधं होतं. त्या काळी म्हाताऱ्या माणसाचा एकट्याचा फोटो घरात नसायचाच. कोणाच्या तरी लग्नातला वऱ्हाडाचा फोटो असायचा, आणि त्यात तिसऱ्या रांगेत, कोणाच्या तरी पागोट्याआडून डोकावणारे आजोबा. गुलाब तेवढाच चेहरा मोठा करायचा. शेजाऱ्याचा खांदा, पुढच्या पोराचं डोकं, मागचं पागोटं, सगळं पांढऱ्या रंगानं असं हलकं हलकं पुसून टाकायचा की आजोबा जणू एकटेच बसून फोटो काढून गेले. चेहऱ्याभोवती लांबट गोल, आणि कडा विरत विरत कागदात मिसळलेल्या. तसं विरवल्याशिवाय शेजाऱ्याचा खांदा लपतच नाही. हे काम पांढुर्ण्यापासून मोहगावपर्यंत गुलाबसारखं कोणाला जमत नव्हतं. कित्येक घरांच्या भिंतीवर, हाराखाली, त्याच्याच हातचे गोल टांगलेले होते.

हे काम तो शिकला पांढुर्ण्याला यशवंतराव म्हणून एक जुने फोटोग्राफर होते त्यांच्याकडे. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, आधी कॉपी, म्हणजे फोटोचा फोटो, मग ब्रश. “मूळ फोटोले ब्रश लावणारा आन झोपलेल्याचा खिसा कापणारा, दोघं सारखेच,” असं म्हणायचे. गुलाबनं ही गोष्ट गाठीला बांधून ठेवली होती. एकदाच सोडली, आणि ती कुठं सोडली ते पुढं येईलच.

शहाऐंशी साल लागलं आणि बस स्टँडसमोर रंगीत फोटोंचा स्टुडिओ उघडला. काचेचं दार, आत निळा पडदा, पडद्यावर कारंजं. गुलाबची होती नव्हती ती चार जिवंत गिऱ्हाईकंही तिकडं गेली. लगनसराई तोंडावर आलेली. ही लगनसराई हातची गेली तर दुकानाला कुलूप लागणार हे गुलाबला दिसत होतं, आणि कुलूप लागलं की मग संत्र्याच्या बागेत तोडणीला जाणं होतंच. बाप खाणीत झिजला, माय दुसऱ्याच्या बागेत वाकून वाकून म्हातारी झाली, आणि आपण कॅमेरा गळ्यात घालून पुन्हा तिथंच, हा विचार त्याला सोडत नव्हता.

बायको पुष्पा म्हणाली, “रडून काय होते? दुकानाचं तोंड पायलं काय कधी? पाटीवरचा रंग उडून ‘स्टुडिओ’तला ‘स्टु’ गेला.”

खरं होतं ते. म्हणून त्यानं पांढुर्ण्याहून श्रीधर पेंटरला बोलावलं. श्रीधर नागपूरला चित्रकलेचं शिकून आलेला, बोलण्याचा पक्का. त्यानं रस्त्याच्या पलीकडं उभं राहून दुकानाकडं डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाला, “गुलाबभाऊ, तुमची पाटी वाचता येते, पण दिसत नाही. मार्का पाहिजे मार्का. साबणाच्या वडीवर असते ना, तसा. नाव न वाचता माणसाला समजलं पाहिजे की हे दुकान तुमचं.”

“कॅमेरा काढ मंग.”

“कॅमेरा तर त्या समोरच्यानंही काढला. आणि ही शोकेस पहा, घडी केलेले कपडे कोंबून ठेवल्यावाणी. तुम्ही दुकान बंद करून घरी झोपता, तेव्हाही शोकेस रस्त्याशी बोलत राहिली पाहिजे.”

गुलाब विचारात पडला. दुकानाचं नाव होतं ‘जयवंता फोटो स्टुडिओ’. जयवंता म्हणजे त्याची माय. तिनं बागेत राबून त्याला पांढुर्ण्याला शिकायला ठेवलं, म्हणून तिचं नाव. मग मार्का दुसरा कशाला शोधायचा? मायचाच चेहरा. आणि शोकेसमध्येही सगळे फोटो एका पद्धतीचे, एका मापाचे. नागपूरच्या एका मोठ्या स्टुडिओत त्यानं पाहिलं होतं, काय ते रूप, काय ती ऐट. लांबट गोल, विरलेल्या कडा. आणि विरलेल्या कडा तर आपल्याच हातचा मळ.

तुमच्या लक्षात आलं असेल काय होणार ते. त्याच्या आलं नाही. हलवायाला जसा साखरेचा वास येत नाही, तसं त्याचं झालं होतं. त्याच्यासाठी तो गोल म्हणजे ब्रशचं काम. गावासाठी तो गोल म्हणजे कोणीतरी गेलं. आणि ही ओळख गावाला दुसऱ्या कोणी नाही, गुलाबनंच वर्षानुवर्षं शिकवली होती.

आता मायचा फोटो आणायचा कुठून? जयवंताबाई कॅमेऱ्यासमोर बसायची नाही. लेक फोटोग्राफर, पण तिनं एकदाही फोटो काढू दिला नव्हता. “माहा एक फोटो हाय. तेवढा पुरे,” एवढंच म्हणायची. तो एक फोटो छप्पन सालचा. ती आणि तिचा नवरा तुळशीराम नागपूरला दीक्षा घ्यायला गेले होते, तेव्हा तिथं रस्त्याच्या कडेला एका फोटोवाल्यानं काढलेला. पांढरे कपडे, दोघं शेजारी उभे. तुळशीराम गुलाबच्या लहानपणीच छातीच्या दुखण्यानं गेला. त्याचा दुसरा फोटो जगात नव्हता. हाही पांढऱ्या फडक्यात गुंडाळून जयवंताबाईच्या पत्र्याच्या पेटीत तळाशी असायचा. गावभरच्या बापांचे फोटो करून देणाऱ्या गुलाबनं स्वतःच्या बापाच्या फोटोची साधी कॉपीही केलेली नव्हती. आज करू, उद्या करू. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मायला चकित करायचं म्हणून त्यानं पुष्पाकडून पेटीची किल्ली घेतली आणि माय बाहेर गेलेली पाहून पेटीतला फोटो दुकानात आणला. कॉपी घ्यायला बसला आणि लाईट गेली. कॉपी घ्यायला दोन्ही बाजूंनी दिवे लागतात. श्रीधर बाहेर पाटीला अस्तर मारून तयार, त्याची शेवटची बस निघायची वेळ होत आलेली, आणि उद्घाटनाला मोहल्ल्याला सांगून झालेलं. गुलाबनं वाट पाहिली. लाईट काही येईना. शेवटी त्यानं मनाशी म्हटलं, पाण्यातला तर रंग आहे, धुतला की निघेल. आणि मूळ फोटोलाच ब्रश लावला.

तुळशीरामचा खांदा जयवंताच्या खांद्यापुढं आलेला होता. गुलाबनं आधी खांदा पुसला. मग हात. मग चेहरा. हाताला सवय होती, हात काही विचारत बसला नाही. थोड्या वेळात जयवंता एकटी झाली, भोवती पांढरं धुकं. श्रीधर म्हणाला, वाहवा. पाहून पाहून त्यानं पाटीवर चेहरा उतरवला, आणि गाडी चुकायला नको म्हणून फोटोही आपल्याच पिशवीत टाकून पळाला.

उद्घाटनाला मोहल्ल्यातली माणसं आली, बाजारातली काही आली. जयवंताबाई पांढरं लुगडं नेसून आली. गुलाबनं पाटीवरची चादर ओढली.

टाळ्या वाजायला पाहिजे होत्या. कोणी हात हलवला नाही. पाटीवर जयवंताबाई, गोलात, धुक्यात. खाली शोकेसमध्ये शाळेच्या बाई, तेलघाणीवाले, शालिकराम टेलर, त्यांची लग्नाची पोरगी प्रमिला, सगळे जिवंत, हिंडते-फिरते, सगळे गोलात. रस्त्यानं बैलगाडी घेऊन एक म्हातारा चालला होता, त्यानं पाटीकडं पाहून टोपी काढली आणि हात जोडले.

जयवंताबाई मान वर करून पाहत राहिली. खूप वेळ पाहत राहिली.

“गुलाब, हे मीच काय?”

“हो माय.”

“एकटीच?”

“एकटीच न माय. पुऱ्या पाटीवर तूच.” गुलाबचा ऊर भरून आला होता.

ती मागं वळली. डोकं दुखते म्हणाली आणि पेढा न खाता घरी गेली.

त्या दिवसापासून बुढीनं अंथरूण धरलं.

दुकानाचं तर विचारूच नका. दुसऱ्या दिवशी शालिकराम टेलर आला, हातात टेप तसाच. “गुलाब, तू माह्या पोरीचा फोटो काढ तिथून. अक्षता पडायच्या आधी पोरीले काहून असं करून राहिला बाप्पा?” तेलघाणीवाल्यांनी स्वतः यायचंही टाळलं, माणूस पाठवला. शाळेच्या बाई शिकलेल्या. त्या हसत हसत म्हणाल्या की तसं मी काही मानत नाही हं, पण घरचे मानतात. काचेच्या मागं एक एक जागा रिकामी होत गेली, आणि गुलाबला तेव्हा कुठं उमगलं आपण काय करून बसलो ते. घरोघरच्या भिंती डोळ्यांपुढं आल्या. त्याला स्वतःच्या डोक्यावर हात मारून घ्यावासा वाटला.

फोटो त्यानं सगळे काढून दिले. पण पाटीला हात लावला नाही. तिथं गोष्ट वेगळी होती.

तिसऱ्या दिवशी तिगावहून यमुनामावशी आली, जयवंताबाईची धाकटी बहीण. तिच्या गावच्या कोणीतरी बसमधून पाटी पाहिली होती आणि जाऊन सांगितलं होतं की जयवंता गेली, लेकानं फोटोही लावला. मावशी दुकानासमोर उतरली तीच रडत. गुलाब बाहेर आला तशी तिनं त्याच्या पाठीत धपाटे घालायला सुरुवात केली. “माह्या बहिणीची माती तुमी मले न सांगता केली. तोंड तरी पाहू द्यायचं होतं रे मेल्या.”

“मावशी, माय हाय. घरी हाय.”

मावशी थांबली. डोळे पुसले, पाटीकडं पाहिलं, गुलाबकडं पाहिलं, आणि मग आधीपेक्षा जोरात धपाटे घातले. यावर मोहल्ला हसला असता. पण मावशी घरी गेली, बहिणीचा चेहरा पाहिला, आणि बाहेर येऊन दारातच मटकन बसली. जयवंताबाई भिंतीकडं तोंड करून पडली होती. अंगात बारीक ताप. पेज दिली तर दोन घोट घ्यायची आणि वाटी बाजूला सारायची. डॉक्टर येऊन नाडी पाहून गेले, छाती ऐकून गेले, म्हणाले काही सापडत नाही.

काही सापडत नाही म्हटल्यावर गावाला सगळंच सापडलं. पोरानं जित्त्या मायला पाटीवर मारलं, आता बुढी चालली. पाणवठ्यावर हेच, न्हाव्याच्या दुकानात हेच. गुलाब रस्त्यानं निघाला की बोलणं थांबायचं.

“उतरवा जी थे पाटी,” पुष्पा म्हणाली. “मी काई मानत नाही. पण उतरवा.”

“मानत नाही तं उतरवू कायले?”

“मामीकडं पाहा न मंग.” पुष्पा सासूला मामी म्हणायची.

“पुष्पा, माह्या मायनं देव नदीत बुडवले. लोकं म्हणे घरदार उजाडते तुमचं. बाप मेला तवा म्हणे, पाहा, देव बुडवले म्हणून मेला. तरी तिनं एक दगड घरात आणला नाही. आन आता म्या तिच्यासाठी रंगाले भ्याचं?”

बोलायला तो ठाम बोलला. पण भीती त्याच्या मनात शिरली होती, आणि एकदा शिरली की ती कारण विचारत नाही. दुकानात गिऱ्हाईक नव्हतंच. तो नुसता पाटीखाली उभा राहायचा. वरून माय पाहायची, तीस वर्षांपूर्वीची, हसरी. घरी आला की पहिलं कान लावून ऐकायचा, श्वास चालू आहे ना. पाटी उतरवली तर मायनं आयुष्यभर जे धरून ठेवलं ते आपण चारचौघांत सोडलं असं होणार. नाही उतरवली आणि मायचं काही झालं, तर गाव म्हणेल ते म्हणेल, पण आपण आपल्याला काय सांगणार? इकडं आड तिकडं विहीर. त्याला जेवण गोड लागेना.

मग एका सकाळी मायनं पेजेची वाटी हातातही घेतली नाही. गुलाबनं शिडी उचलली. अंगणातून निघाला आणि तिथूनच परत फिरला, शिडी भिंतीला टेकवली, आत जाऊन मायच्या उशाशी बसला.

“माय, पाटी उतरवून टाकू काय?”

“काहून?” भिंतीकडं तोंड तसंच.

“लोकं म्हणून राह्यले…”

“लोकाईचं मले नोको सांगू. लोकं छप्पन सालापासून मले मारून राह्यले. फोटोनं मरन येते काय रे? तूच असा बोलशीन तं मंग झालं.”

“मंग जेवत काहून नाही तू?”

बाहेर यमुनामावशीचा सुपानं धान्य पाखडल्याचा आवाज येत होता. गुलाबला वाटलं ती झोपली. मग ती हळूच म्हणाली, “त्याले कुठी टाकलं तू?”

“कोणाले?”

“तुह्या बापाले.”

गुलाबनं पेटीकडं पाहिलं.

“पेटी उघडून पायली म्या. फडकं रिकामं. पाटीवर मी एकटी. तुह्या बापाचा खांदा माह्या खांद्याले लागून होता. चारचौघात थो माह्याजवळ एकदाच उभा रायला गुलाब, त्या फोटोवाल्यानं जवळ सरका म्हटलं म्हणून. तेवढंच एक होतं माह्याजवळ. थेही तू पुसून टाकलं.”

तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. दारात पुष्पा उभी होती, तिनं पदर तोंडात धरला. किल्ली तिनंच दिली होती.

“धुतलं की निघते माय,” गुलाब म्हणाला. “पाण्याचा रंग हाय.”

“मंग आन.”

फोटो होता श्रीधरकडं, पांढुर्ण्याला.

बस मिळाली ती खचाखच. गुलाब दांड्याला धरून उभा होता आणि डोळ्यांसमोर आजवर पुसलेले खांदे येत होते. कोण होते ते सगळे? कोणाची बायको, कोणाचा भाऊ, कोणाचा दोस्त. लोकांनीच पुसायला सांगितले होते, आणि त्यानंही कधी विचारलं नव्हतं की भाऊ, हा शेजारचा कोण? आणि दुसरा विचार त्याहून वाईट. तीस वर्षांचा कागद. जुन्या फोटोला पाणी लागलं की वरचा थर फुगतो, दुधावरच्या सायीसारखा होतो. जरा हात जास्त पडला तर साय सरकते आणि खाली नुसता पांढरा कागद राहतो. रंग आणि बाप, दोन्ही सोबतच निघायचे.

श्रीधरच्या दुकानात गेला तर फोटो समोरच टेबलावर पडलेला. बाजूला वार्निशचा डबा उघडा, आणि श्रीधर ब्रश साफ करत होता.

“बरं झालं आले,” श्रीधर खुशीत म्हणाला. “म्हटलं, जुना फोटो आहे, वरून वार्निशचा हात मारून देऊ, जन्माचा पक्का होऊन जाईल. आता बसणारच होतो.”

गुलाबनं आधी डबा उचलून दूर ठेवला. मग फोटो उचलला. वार्निश बसलं असतं तर तो पांढरा रंग खरंच जन्माचा पक्का झाला असता. फोटो छातीशी धरून तो खालीच बसला. श्रीधर म्हणाला, पाणी घ्या, काय झालं? गुलाबनं सगळं सांगितलं. बोलण्यात कोणाला हार न जाणाऱ्या श्रीधरनं या वेळी नुसतं डब्याला झाकण लावलं आणि तो त्याला स्टँडपर्यंत सोडायला आला.

सौसरला उतरून गुलाब सरळ दुकानाकडं वळला, तर पुष्पा आणि मावशी जयवंताबाईला दोन्हीकडून धरून पायरीवर बसलेल्या. जयवंताबाई घरी थांबायला तयार नव्हती, म्हणाली धुताना मी समोर बसीन. रस्त्यावरची माणसं थांबली. पाटीवर जयवंता आणि पाटीखाली जयवंता. कोणी काही बोलायच्या आत यमुनामावशी म्हणाली, “काय पाहता? जित्ती हाय. जा आपापल्या कामाले.”

गुलाबनं खिडकी उघडली, उन्हात टेबल ओढलं, ट्रेमध्ये उकळून गार केलेलं पाणी घेतलं. आयुष्यभर ब्रश मारणारा हात, पण कापसाचा बोळा त्याच्या बोटांत राहीना. पुष्पानं त्याच्या मनगटाखाली आपला तळवा धरला.

पहिला थेंब कोपऱ्यावर. रंग सुटला, पाणी दुधाळ झालं. धोतराची निरी दिसली. मग कोपर. त्यानं दुसरा बोळा घेतला. घासायचं नाही, टेकवायचं आणि उचलायचं. जयवंताबाई स्टुलावर पुढं वाकून बसली होती आणि श्वास धरून होती. सगळेच धरून होते. खांदा आला. बारीक, खाणमजुराचा खांदा, मागून आणलेल्या सदऱ्यात. तो जयवंताच्या खांद्याला लागलेलाच होता, तसाच.

“हा,” जयवंताबाई म्हणाली. एवढंच.

आता चेहरा. कागद फुगायला लागला होता, गुलाबला बोटाला कळत होतं. थांबावं तर उरलेला रंग आत मुरतो, पुढं जावं तर साय सरकते. त्यानं मायकडं पाहिलं. ती म्हणाली, “कर.”

हनुवटी आली. मिशा आल्या. एक डोळा, मग दुसरा. फोटोवाल्याला घाबरून मोठे केलेले डोळे. गुलाबनं बापाचा चेहरा आजवर फोटो पेटीतून निघायचा तेवढ्या घडीभरातच पाहिलेला, असा जवळून कधी पाहिलाच नव्हता. ते गुलाबचेच डोळे होते. त्याची नजर पाण्यानं धूसर झाली, आणि तेवढ्यात बोळ्याला एक बारीक काळं टरफल चिकटून आलं.

त्यानं हात मागं घेतला. सगळं थांबलं. तुळशीरामचा, उजवा म्हणा डावा म्हणा, बायकोच्या बाजूचा कान होता, तिथं आता नुसता पांढरा ठिपका होता.

पुष्पानं डोळे मिटून घेतले. गुलाबला वाटलं आता माय परत भिंतीकडं तोंड करणार, आणि या वेळी केलं की ते शेवटचंच. त्यानं फोटो टिपकागदावर ठेवला आणि मान खाली घालून म्हणाला, “कान गेला माय. कान आला माह्या हातात.”

जयवंताबाईनं फोटोवर वाकून पाहिलं. हात लावला नाही, नुसतं पाहिलं. मग तिनं विचारलं, “माह्याकडचाच न?”

“हो.” गुलाबनं ट्रे बाजूला सारला. “पाटी पुन्हा करतो मी. दोघं काढतो, शेजारी शेजारी. पाटीवर श्रीधर कान बरोबर काढीन, कोणाले समजनार नाही.”

“नोको काढू,” जयवंताबाई म्हणाली. “हाय तसाच राहू दे. तसंही त्या कानानं थो माह्यं कधी आयकतच नव्हता.”

मावशी पहिली हसली. मग पुष्पा. गुलाब हसायला गेला आणि मायच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला. तिनं त्याच्या केसांतून हात फिरवला, आणि पायरीपलीकडं अजून उभ्या असलेल्या माणसांकडं पाहत सुनेला म्हणाली, “पुष्पा, घरी भाकर हाय काय वो? भूक लागली मले.”